गाडीत थांबू नका, आत या

बे एरियातल्या मराठी घरांत मुलाला थेरपिस्टकडे नेणं आता पूर्वीसारखं लपवलं जात नाही. मराठी शाळा सुटायची वाट बघत उभ्या असलेल्या आया एकमेकींना सरळ विचारतात: कोण चांगलं आहे, कोण आपला इन्शुरन्स घेतं, किती महिने थांबावं लागतं. हा बदल मोलाचा आहे आणि ज्यांनी आपल्या घरातलं उघडपणे बोलून तो घडवला, त्यांचे आपण आभार मानायला हवेत. पण गाडी तिथेच अडली आहे. मुलाला दारात सोडायचं, पाऊण तास पार्किंगमध्ये बसून ऑफिसचे मेल उरकायचे आणि तो येऊन सीटबेल्ट लावतो न लावतो तोच विचारायचं, "मग? काय म्हणाली ती?" गणिताच्या क्लासला सोडावं, तसं.

पंधरा वर्षांचं मूल आठवड्यातला पाऊण तास थेरपिस्टच्या खोलीत असतं आणि बाकीचा बहुतेक वेळ शाळेत नाहीतर आपल्यासमोर. तिथे ते जे शिकतं ते घरी वापरायला गेलं आणि घर होतं तसंच राहिलं, तर त्याच्या मेहनतीवर पाणी पडतं. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. मुलाला मदत हवी असेल तर आईबाबांनीही ती घेतली पाहिजे, आणि ती उपकार म्हणून नव्हे, तर उपचाराचा भाग म्हणून.

प्रश्न किती मोठा आहे हे नव्याने सांगायला नको. 2021च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या, बालमानसोपचारतज्ज्ञांच्या आणि मुलांच्या रुग्णालयांच्या संघटनांनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याची राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेच्या 2023च्या पाहणीत हायस्कूलमधल्या दर दहांतल्या चार मुलांनी सांगितलं, की सतत उदास किंवा हताश वाटत राहिल्याचा काळ त्यांनी वर्षभरात अनुभवला. मुलींमध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. आपल्या भागाला तर हे आकड्यांशिवायही माहीत आहे. पालो आल्टोने 2009-10 आणि 2014-15 अशा दोन वेळा आपली हायस्कूलची मुलं आत्महत्यांमुळे एकापाठोपाठ गमावली, आणि 2016मध्ये सीडीसीचं पथक इथे अभ्यासाला आलं. त्या शाळांच्या वर्गांत आपलीही मुलं बसतात.

आईबाबांनी आत यावं म्हटलं की पहिला आक्षेप मुलांच्या बाजूने येतो, आणि तो रास्त आहे. त्यांना स्वतःची जागा हवी असते. कॅलिफोर्नियात बारा किंवा त्याहून जास्त वर्षांचं मूल, पुरेशी समज असेल तर, स्वतःच्या संमतीने समुपदेशन घेऊ शकतं. हे पहिल्यांदा ऐकल्यावर आपल्यातले बरेच आईबाबा हबकतात. आपल्याला बाजूला सारलं, असं त्यांना वाटतं. पण त्याच कायद्यात असंही आहे, की थेरपिस्टला अयोग्य वाटत नसेल तर पालकांना सामील करून घ्यायचं. आत येणं म्हणजे मुलाचं गुपित काढून घेणं नव्हे. मूल काय बोललं हे कळल्याशिवायही आपल्याला आपलं वागणं बदलता येतं. जिवाला धोका असेल, तर थेरपिस्ट ते आपल्याला सांगतातच.

येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी चिंतेने ग्रासलेल्या मुलांसाठी एक उपचारपद्धती बसवली आहे, 'स्पेस' नावाची. तिच्यात मूल थेरपिस्टकडे जातच नाही, फक्त आईबाबा जातात. 7 ते 14 वयाच्या 124 मुलांवरच्या, 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की या मुलांना झालेला फायदा स्वतः थेरपी घेणाऱ्या मुलांच्या तोडीस तोड होता. हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले, पण त्यामागचा विचार समजायला अवघड नाही. मुलीला वर्गात उभं राहून बोलायची भीती वाटते, म्हणून आई शिक्षकांना मेल करून सूट मागते. मुलगा रात्री एकच शंका पुन्हापुन्हा विचारतो आणि बाबा दर वेळी तेच उत्तर देतात. त्याला गर्दी नको म्हणून सगळं घर गणपतीच्या कार्यक्रमाला जायचं टाळतं. यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी केलेली असते आणि प्रत्येक गोष्टीने भीती मुरत जाते. या पद्धतीत आईबाबा दोन गोष्टी एका दमात म्हणायला शिकतात: तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला हे झेपेल याची मला खात्री आहे. मग ते मेल पाठवणं थांबवतात. थांबवणं हेच सगळ्यात अवघड, आणि त्यासाठीच आईबाबांनाही कुणाचा तरी आधार लागतो.

मोठ्या आणि जास्त अडचणीत असलेल्या मुलांसाठी मार्शा लिनहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) पद्धतीचा एक अवतार आहे. त्यात अनेक कुटुंबं एका खोलीत बसतात, मुलं आणि पालक शेजारीशेजारी, आणि दोघांनाही तोच गृहपाठ असतो. अशा गटात मी बसले आहे. एका संध्याकाळी मुलांनी दोन मिनिटं बोलायचं होतं आणि पालकांनी ऐकलेलं फक्त परत सांगायचं होतं. सल्ला नाही, प्रश्न नाही. एका बाबांचं पहिलं वाक्य 'पण'ने सुरू झालं. गट चालवणाऱ्या बाईंनी हात वर केला. बाबांनी पुन्हा सुरुवात केली आणि वाक्याच्या शेवटी 'तू झोपायची वेळ पाळली असतीस तर' आलंच. पुन्हा हात. बराच वेळ ते गप्प बसले, मग म्हणाले, "तू म्हणालीस, घरी आल्यावर तुला आधी मार्कांचं विचारलेलं ऐकू येतं, आणि मग तुला खोलीबाहेर यावंसं वाटत नाही." मुलीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. इतकंच झालं. पण हे एक वाक्य म्हणायला त्या माणसाला किती कष्ट पडले हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं, आणि घरी एकट्याने ते त्यांना कधी जमलं नसतं.

आणखी एका ठिकाणी आपण कमी पडतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पहिल्या भेटीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: कुटुंबात कुणाला मानसिक आजार आहे का? आपण 'नाही' लिहितो. मग काकांचं काय, जे कॉलेज अर्धवट सोडून आले आणि पुढे कधी घराबाहेर पडले नाहीत? आजीच्या त्या बहिणीचं काय, जिला 'अंगात येतं' म्हणून सोडून दिलं होतं? हे लपवण्याची किंमत आपलं मूल मोजतं. घरात बायपोलर आजार असेल तर नैराश्याची नेहमीची औषधं डॉक्टर जास्त जपून देतात. त्या औषधांनी काही मुलांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांवर 2004पासून एफडीएचा ठळक इशाराही आहे. याचा अर्थ औषधं टाळावीत असा नाही. ती अनेक मुलांना तारतात. डॉक्टरांना खरी माहिती हवी, एवढाच अर्थ आहे. गावी फोन करा, आत्याला किंवा मावशीला विचारा आणि फॉर्मवर खरं लिहा.

कुटुंबालाच उपचारात घेणं हे अमेरिकी खूळ आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी पुण्याकडे बघावं. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने फार पूर्वी ओळखलं, की व्यसन एकाचं असलं तरी आजारी सगळं घर असतं. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींचा सहचरी गट आहे. आपण तिकडून आलो आणि नेमकं हेच मागे ठेवून आलो.

काही घरांत आईबाबांना आत घेणं योग्य नसतं. जिथे मारहाण आहे, जिथे मुलाला आपल्याच माणसांची भीती वाटते, तिथे त्याचं ऐकून त्यांना बाहेर ठेवायलाच हवं. पण 'वेळ नाही' हे कारण मला मान्य नाही. मुलांच्या खेळाच्या सामन्यांसाठी आपण अख्खे शनिवार-रविवार काढतो. पैशांची अडचण मात्र खरी आहे, कारण बरेच थेरपिस्ट इन्शुरन्स घेत नाहीत. तरीही 2008च्या समानता कायद्यामुळे मानसिक उपचारांना शारीरिक उपचारांपेक्षा कडक अटी लावायला विमा कंपन्यांना मनाई आहे. नकार आला तर दाद मागा. 12 ते 25 वयाच्या मुलांसाठी पालो आल्टोत ऑलकोव्ह हे मानसिक आरोग्याचं केंद्र आहे. आणि मूल जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर वाट बघू नका: 988 या क्रमांकावर दिवसरात्र फोन किंवा मेसेज करता येतो.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझ्या दोन मागण्या आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ पालकांच्या गटासाठी द्यावी. गट परवानाधारक थेरपिस्टने चालवावा, आणि तिथे मुलांची नावं घेतली जाऊ नयेत. दुसरं, दर उन्हाळ्यात बारावी संपवणाऱ्या मुलांचा आपण सत्कार करतो, त्यात कॉलेजचं नाव पुकारणं आणि मंडळाच्या अंकात छापणं बंद करावं. मुलांचं कौतुक जरूर करू या. पण ज्याला हवं ते कॉलेज मिळालं नाही, किंवा जो एक वर्ष घरी राहून बरा होतो आहे, त्यालाही त्याच मंचावर यावंसं वाटलं पाहिजे. गटासाठी जागा आणि थेरपिस्ट शोधायचं काम मी करायला तयार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी कार्यकारिणीला कळवावं, आणि आईबाबा दोघांनीही यावं.