गोधडी कोणाच्या नावावर?

दिवाळी तोंडावर आली, की पुण्या-मुंबईच्या सभागृहांतून आणि शाळांच्या आवारांतून विशेष मुलांनी केलेल्या वस्तूंची विक्री भरते. रंगविलेल्या पणत्या, कागदी पिशव्या, भेटकार्डे, उटण्याच्या पुड्या. आपल्यासारखी पगारदार माणसे तेथे जातात, शे-दोनशे रुपयांची खरेदी करतात आणि काहीशा प्रसन्न मनाने बाहेर पडतात. या प्रसन्नतेला कोणी नावे ठेवू नयेत. अंशतः का होईना, तिच्यावर काही शाळांचा खर्च भागतो. परंतु घरी आल्यावर त्या पिशवीवर छापलेले नाव वाचून पाहावे. ते संस्थेचे असते. ज्याच्या बोटांनी ती पिशवी दुमडली त्याचे नाव तेथे बहुधा नसते, आणि ते नाही हे आपल्या ध्यानातही येत नाही. खरे म्हणजे आपण देणगी दिलेली असते आणि पिशवी ही तिची पावती असते.

ज्या घरात स्वमग्न मूल आहे अशा घरी कापडाचे व कागदाचे तुकडे जोडून जे काम होते, त्याच्या बाबतीत ही पद्धत विशेष अन्यायाची आहे. गोधडी आणि कोलाज या दोन्ही कला घरातल्या वापरलेल्या वस्तूंतून उभ्या राहतात आणि घराचेच चित्र काढतात. तेथे करणाऱ्याचे नाव गाळणे म्हणजे चित्रातील मुख्य माणूसच पुसून टाकणे होय.

स्वमग्नता हा ऑटिझमला आपण दिलेला प्रतिशब्द सुबक आहे आणि म्हणूनच थोडा फसवा आहे. आपल्याकडे कवी स्वमग्न असतात, प्राध्यापकही असतात, आणि त्यांचे कौतुक होते. 'ऑटोस' म्हणजे स्वतः, या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ संज्ञा घडविली. लिओ कॅनर यांनी 1943 साली अमेरिकेतील अकरा मुलांचे वर्णन करून तिला आजच्या अर्थाकडे वळविले. असे मूल आपल्यातच सुखाने रमलेले असते, हा समज चुकीचा आहे. पुष्कळदा आवाजाचा, उजेडाचा, स्पर्शाचा भडिमार त्याला सोसत नाही आणि आपल्या बोलण्यातली आडवळणे त्याला उमगत नाहीत. मेंदूच्या घडणीतला हा वेगळेपणा आहे. तरीही एका पिढीने त्याचा दोष आयांच्या माथी मारला. ब्रुनो बेटलहाइम यांचा 'द एम्प्टी फॉर्ट्रेस' हा ग्रंथ 1967 साली निघाला आणि घरातील मायेच्या अभावाकडे बोट दाखवून गाजला. योगायोग असा, की त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या आईने आपल्या मुलीविषयी 'द सीज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ती मुलगी, जेसिका, पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आली. शास्त्राने कौल दिला तो आईच्या बाजूने. आपल्या चाळींतून आणि वाड्यांतून मात्र 'आई नोकरी करते ना, म्हणून' हे वाक्य अद्याप ऐकू येते.

आता गोधडीकडे वळू. पुणे-लोणावळा लोहमार्गावर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामध्ये घोरावाडी हे लहानसे स्थानक आहे. तेथून पुढे वडगाव, कामशेत, मळवलीपर्यंतचा मावळ हा पावसाचा आणि भाताचा मुलूख. पावसाळाभर भिंतींना ओल असते. अशा मुलखात गोधडी किंवा वाकळ ही गरजेची वस्तू होती; तिला कला म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नसेल. जुने नऊवारी लुगडे जमिनीवर अंथरायचे, त्यावर विटक्या सदऱ्यांचे, परकरांचे, झबल्यांचे तुकडे उंचसखल होणार नाहीत अशा बेताने रचायचे, वरून दुसरे लुगडे घालायचे, कोपऱ्यांवर वजने ठेवायची आणि कडेपासून धावदोरा घालीत आत यायचे. चौकोनात चौकोन असे टाके फिरत फिरत मध्याशी पोचतात. गोधडी मोठी असली तर चार बाजूंना चौघी बसतात. गेलेल्या आजीचे लुगडे, वडिलांचा कारखान्यातला गणवेश, धाकटीचा पहिला फ्रॉक, सारे त्या एका पांघरुणात नांदते. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु ज्यांच्या घरी त्या शिवल्या जात होत्या, ते मात्र आता जुन्या साड्या स्टीलच्या डब्याच्या मोबदल्यात बोहारणीला देऊन मोकळे होतात.

स्वमग्न मुलाच्या घरी हे काम का रुजावे, हे कळण्यास मोठे मानसशास्त्र लागत नाही. एक टाका पहिल्यासारखाच दुसरा. पुढे काय येणार ते ठाऊक असते. शेजारी बसून काम चालते, समोरासमोर डोळ्यांत पाहावे लागत नाही, बोलावे लागत नाही. नायलॉन किंवा सदऱ्याच्या मानेशी शिवलेली चिठ्ठी ज्या मुलाला काट्यासारखी टोचते, त्याला शेकडो वेळा धुतलेले सुती लुगडे बहुधा चालते. शिवाय गोधडीला वजन असते. अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न. सर्वांगाला सारखा दाब देणारे एक यंत्र त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी बनविले, कारण त्या दाबाने त्यांचे मन निवत असे. म्हणून लगेच गोधडीला औषधाच्या पंक्तीला बसविण्याची घाई मात्र करू नये. वजनदार पांघरुणांची स्वमग्न मुलांवर पद्धतशीर चाचणी घेतली गेली, आणि 2014 साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा, की मोजमापात झोप सुधारली नाही. मुलांना आणि पालकांना ते पांघरूण आवडले, एवढेच. आवडले हे पुरेसे नाही काय? आपल्या मुलाला क्रिकेट आवडते तेव्हा आपण त्याच्या उपचारमूल्याची चौकशी करीत नाही.

कोलाजची गोष्ट थोडी निराळी. पिकासोने 1912 साली वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेले मेणकापड चित्रफलकावर चिकटविले, तेव्हापासून हा प्रकार दिवाणखान्यात आला. घरातील कागदांना तोटा नसतो: लोकलची तिकिटे, औषधांची वेष्टने, लग्नपत्रिका, जुन्या कॅलेंडरावरचे देव. स्वमग्न मुलगा ते आपल्या क्रमाने लावतो, आणि त्या क्रमात घर कसे दिसते हे आपल्याला प्रथमच कळते. काहींना बोटांना लागलेला डिंक मुळीच सहन होत नाही, त्यांच्यापुढे सुई-दोरा ठेवावा. सगळ्यांना एकच छंद लावण्याचा हट्ट येथे कामाचा नाही. मातीस यांनी 1941 सालच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, खुर्चीला आणि अंथरुणाला खिळलेले असताना, कात्री हाती घेतली आणि रंगीत कागद कापून अपूर्व चित्रे केली. त्या चित्रांना कोणी उपचार म्हटले नाही.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. अर्धे टाके आईनेच घातले, रंग बहिणीने निवडले, मग कलाकार कोण? आक्षेप खोटा नाही. पण गोधडी ही कधी एकाच हाताची होती? चौघींनी शिवलेल्या गोधडीवर चौघींची नावे घालता येतात, तशी येथेही आईचे, बहिणीचे आणि मुलाचे अशी तिन्ही नावे घालावीत. एकाचे नाव लपवून दुसऱ्याचे मोठे करणे, मग ते मुलाचे असो की संस्थेचे, हा अप्रामाणिकपणा आहे. नावाला पैशाचाही अर्थ असतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि जगभर वाखाणल्या गेल्या. 2007 साली त्यांतील काही जणींना मोबदल्यासाठी आणि हक्कांसाठी न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

दुसरे उदाहरण जुडिथ स्कॉट यांचे. त्या स्वमग्न नव्हत्या. त्यांना डाऊन सिंड्रोम होता आणि ऐकू येत नव्हते. लहानपणीच त्यांना संस्थेत ठेवले गेले आणि तेथे त्यांची पस्तीस वर्षे गेली. जुळ्या बहिणीने त्यांना बाहेर आणले आणि 1987 साली ओकलंड येथील क्रिएटिव्ह ग्रोथ या कलागृहात दाखल केले. सुमारे दोन वर्षे काहीच घडले नाही. मग एका वर्गात त्यांनी वस्तूंभोवती धागे गुंडाळण्यास आरंभ केला आणि 2005 साली मृत्यू येईपर्यंत त्या ते काम करीत राहिल्या. आज त्यांच्या कृती त्यांच्या नावाने मोठ्या संग्रहालयांत आहेत. ती कोरडी गेलेली दोन वर्षे आपण लक्षात ठेवावीत. आपल्याकडे सहा महिन्यांत प्रगतिपुस्तक मागतात.

आपल्याकडचा खरा पेच अठराव्या वर्षानंतर सुरू होतो. शाळा संपते, आईवडील थकतात. कायदा अगदीच आंधळा नाही. 1995 च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. सज्ञान झालेल्यास पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे आहे. शासकीय नोकऱ्यांतील 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मनोविकार इत्यादींसाठी मिळून आहे. परंतु नोकरी ज्याला जमणार नाही, त्याने सकाळी दहा ते पाच कोठे बसावे, याचे उत्तर आरक्षणाच्या टक्केवारीत सापडत नाही.

ते उत्तर गावोगावच द्यावे लागेल, आणि मावळाला ते अवघड वाटू नये. घोरावाडीला लागूनच असलेल्या तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना, टिळकांचा तिला पाठिंबा, आणि भांडवल गोळा झाले ते सामान्य माणसांच्या एकेका पैशातून. तेथे काचकाम शिकलेले कारागीर देशभर गेले. त्या मानाने येथे मागणे फार लहान आहे. स्थानकापासून चालत पोचता येईल अशी एक खोली, दोन-तीन शिलाई यंत्रे, लांब सतरंजी, शिवणकाम येणारी आणि घाई न करणारी एक बाई, आणि महिना शंभर रुपये देणारे दोनशे शिक्षक व कारकून. खोलीचे भाडे, वीज आणि बाईंच्या मानधनाचा काही भाग त्यातून निघेल. कापड विकत घ्यावे लागणार नाही. बोहारणीच्या आधी आपण तेथे गेलो म्हणजे झाले. विक्रीच्या वेळी प्रत्येक गोधडीला करणाऱ्यांची नावे, लागलेले दिवस आणि त्या दिवसांच्या मजुरीवरून काढलेली किंमत अशी चिठ्ठी असावी, आणि ती किंमत गिऱ्हाइकाने घासाघीस न करता द्यावी. पैसे करणाऱ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावेत.