चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. माणसाचे आता चाकांवर आले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. आमच्या मेहुण्यांनीही अशी गाडी घेतली. आत ओटा, बिछाने, पाण्याची टाकी. संसार म्हटला की वजन आलेच, आणि वजनाची परीक्षा उतारावर होते.

गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून परतताना कसारा घाटात ब्रेकचे पेडल थेट तळाला टेकले. मागे मुले पत्ते खेळत होती. मेहुण्यांनी एकेक गिअर खाली आणला, हातब्रेक बेताबेताने ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली. पत्रा चेपला, माणसे वाचली.

गॅरेजातल्या मिस्त्रींनी कारण सांगितले. ब्रेक-ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शिरला की ही मर्यादा १५५पर्यंत उतरू शकते. उतारभर ब्रेक दाबून धरला की तो तापतो, तेल उकळते, वाफ होते. तेल दबत नाही, वाफ दबते. मग पेडल नुसतेच खाली जाते.

मेहुण्यांना रंगाची घाई. ताई म्हणाली, "अहो, आधी थांबायचे बघा, मग नटायचे!" विम्याचा माणूस पाहून गेल्यावर आधी तेल आणि लायनर बदलले, पत्रा नंतर ठोकला.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम साधा आहे: ज्या गिअरात घाट चढाल, त्याच गिअरात उतरा. आणि वाचकहो, दिवाळीच्या सुटीत निघण्यापूर्वी गाडी पुसाल, तेव्हा ब्रेकचे तेल कधी बदलले होते, तेही विचारा.