ठासणीची बंदूक आणि आपला खिसा

मंडळी, हरणासोबतचा फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये दोनच सूर. एक, "बिचारं हरीण!" दुसरा, "शिकार म्हणजे श्रीमंतांचे चोचले, तुला परवडतं कसं?" दुसऱ्याचं आधी बोलू.

आपल्या डोक्यात शिकार म्हणजे संस्थानिक, मचाण, हाकारे. इथे पेन्सिल्व्हेनियात तसं नाही. हरीण कुणा जमीनदाराचं नाही, जनतेचं. राज्याच्या ताब्यात सुमारे १५ लाख एकर शिकारीचं रान आहे आणि तिथे कुणीही जाऊ शकतं. रहिवाशाचा वर्षाचा परवाना २०.९७ डॉलर, ठासणीचा वेगळा ११.९७, मादीचा ६.९७. म्हणजे चाळीसच्या आत. प्रशिक्षणाचा वर्ग मात्र सक्तीचा, आणि तो असायलाच हवा.

खर्च वाढतो तो दुकानात. मला काउंटरवरच्या गृहस्थाने हजार डॉलरची बंदूक, वर भारी दुर्बीण असं सगळं गळ्यात मारायला घेतलं होतं. अहो, एकच बार असलेली बंदूक! शंभर यार्डांच्या आत मारायचं, त्याला दुर्बीण कशाला? पन्नास कॅलिबरची साधी 'इनलाइन' तीनशेच्या आसपास मिळते, जुनी त्याहून स्वस्त. जुनी घेताना गज नळीत सोडून बघा. तो तळापर्यंत जात नसेल तर आत कुणाचा तरी बार भरलेला असू शकतो. तो निघेपर्यंत चापाला हात लावायचा नाही.

वाचलेले पैसे दारू-गोळीवर घाला आणि रेंजवर जा. दारू मापाने, डब्यातून थेट नळीत कधीच नाही. आणि आधुनिक बिनधुराची दारू तर चुकूनही नाही, नळी फुटते. संध्याकाळी कितीही थकलात तरी गरम साबणपाण्याने नळी धुवायची. मी एकदा "उद्या बघू" म्हणालो, उद्यापर्यंत आत गंज.

नवख्याने ऑक्टोबरमधल्या माद्यांच्या हंगामात इनलाइन घेऊन सुरुवात करावी, हे माझं मत. नाताळानंतरचा हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीचा. ती महाग, अवघड आणि बर्फात रुसणारी. तिथेही इनलाइन चालू द्या अशी मागणी होते. मला ती पटत नाही. अवघड आहे म्हणूनच त्या दिवसांत रानात गर्दी नसते. स्वस्तात यायला ऑक्टोबर आहे की.

आता बिचाऱ्या हरणाचं. इथले लांडगे आणि पहाडी सिंह माणसाने केव्हाच संपवले. हरणं वाढली की जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, नवी झाडं उभीच राहत नाहीत. शिवाय १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राज्यांकडे जातो. त्या रानात नुसते पक्षी बघायला जाणाऱ्यांचाही खर्च बराचसा आम्हीच भरतो.

वाईट वाटतं का? वाटतं. पहिल्या वेळी धूर विरल्यावर मी दहा मिनिटं जागचा हललो नव्हतो. मग उठलो, सोलायला बसलो. त्यातलं मटण अजून फ्रीजरमध्ये आहे, या शनिवारी रस्सा करतोय.