फुकटच्या वकिलावर लक्ष कुणाचं?

मैत्रिणींनो, पोटगीचा किंवा वारसाहक्काचा दावा लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो वकिलाच्या फीचा. दुसरबीडच्या काय, सिंदखेडराजा तालुक्यातल्या कुठल्याच ग्रामपंचायतीला गावातल्या बायकांसाठी वेगळा वकील ठेवणं परवडायचं नाही. म्हणूनच १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात अनेक गावांना मिळून एक तालुका विधी सेवा समिती आहे. तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष. दाव्यात तथ्य असलं की बाईला वकील मोफत. कलम १२ नुसार तिच्या उत्पन्नाची अटच नाही.

पण वकील तारखेला आलाच नाही तर? “फुकटचा आहे, काय बोलणार!” म्हणून आपण गप्प बसतो. मला हेच खटकतं. अहो, त्याचं मानधन सरकारी पैशातून जातं! २०१० च्या नियमांप्रमाणे अशा केसेसवर देखरेख समिती असते. वकिलाने केसची प्रगती कळवायची असते आणि पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो.

मात्र आपण सांगितल्याशिवाय समितीला कळणार कसं? ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. ती सभा वकिलाला जाब विचारू शकत नाही, पण अडलेल्या बाईचा तक्रारअर्ज तिथे नक्की लिहून देता येईल. १५१०० या हेल्पलाइनवरही विचारा. आणि प्रत्येक तारीख वहीत लिहा. दुधाचा हिशेब ठेवतो ना आपण, तसाच हाही ठेवायचा.