या आखाजीला बांध पेटवू नका

सोनगीर आणि पंचक्रोशीतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

रात्री हरभऱ्याला पाणी भरताना बॅटरीच्या उजेडात ससा दिसणं आपल्या शिवारात नवलाचं नव्हतं. आता ते नवल झालं आहे. शिकाऱ्यांना दोष देऊन मोकळं होता येईल, आणि मोटारसायकल, बॅटरी, कुत्री घेऊन फिरणारे आहेतच. पण मला विचाराल तर सशाचा मोठा वैरी आपल्या खिशातली काडेपेटी आहे.

आपला रानससा बीळ खणत नाही. बिळात राहतो तो युरोपातला ससा. घरी पाळतात ते पांढरे ससे त्याच्याच वंशातले. आपला काळ्या मानेचा ससा दिवसभर गवतात दबून बसतो. मादी पिल्लंही गवतातच घालते. पिल्लू जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांचं. चाहूल लागली की पळत नाही, जमिनीला चिकटून राहतं. कोल्ह्यापुढे ही युक्ती चालते, आगीपुढे नाही. आखाजीच्या सुमारास नांगरटीची घाई असते, आपण बांध पेटवतो आणि पिल्लं जागेवरच जळतात. एरवीही तणनाशकाने बांध बोडके झालेत, पडीत जमीन नांगराखाली गेली. उरलेसुरले ससे मुंबई-आग्रा महामार्गावर दिव्यांपुढे थिजून उभे राहतात.

ससा कोवळे कोंब कुरतडतो, हे खरं. पण रानडुकरांची नासधूस पाहिलेल्याने त्याचा हिशेब मांडू नये. स्पेन-पोर्तुगालमध्ये रोगाने ससे मेले, तेव्हा त्यांच्यावर जगणारं लिंक्स हे रानमांजर संपायच्या बेतात आलं होतं. इथेही कोल्ह्याला रानात ससा मिळाला नाही, तर तो कोंबड्यांकडेच वळणार.

म्हणून विनंती: बांधाचं गवत विळ्याने कापा, जनावरांना चाराही होईल. कापताना पिल्लू सापडलं तर घरी आणू नका. शेजारच्या गवतात ठेवा, अंधार पडल्यावर आई पाजायला येते. पोरांना हौस म्हणूनही फासे लावू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा आहे. रात्री शिकारी दिसले तर त्यांच्याशी वाद न घालता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

सगळे बांध जमत नसतील, तर या आखाजीला प्रत्येकाने निदान एक बांध गवतासकट राखावा.

आपला,
सोनगीर शिवारातला एक शेतकरी