‘दुर्मीळ’ म्हणजे नेमके काय? : रंगीत अजगरांच्या पैदाशीच्या निमित्ताने

मराठी वृत्तपत्रांत साप बहुधा दोनच विशेषणांनिशी अवतरतो. एकतर तो ‘विषारी’ असतो, नाहीतर ‘दुर्मीळ’. पहिल्या विशेषणाची छाननी सर्पअभ्यासकांनी गेल्या कित्येक वर्षांत पुरेशी केली आहे. खेड्यापाड्यांतल्या सर्पमित्रांनी धामण, दिवड, कवड्या या बिनविषारी सापांची बाजू घरोघरी जाऊन मांडली आहे. दुसऱ्या विशेषणाची छाननी मात्र कोणी फारशी केलेली दिसत नाही. ते काम प्राणिशास्त्रज्ञांपेक्षा भाषा शिकवणाऱ्यांचे अधिक आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणून साहित्यचर्चेच्या या पानावर सापाचा विषय काढण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांमध्ये दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. अशा प्रकारच्या बातम्यांत ‘दुर्मीळ प्रजातीचे साप’ हे शब्द हटकून येतात. इकडे आमच्या भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात एखाद्या पावसाळ्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर पांढरा नाग निघाला, तर तोही बातमीत ‘दुर्मीळ’च असतो. एकाच शब्दाने या दोन्ही सापांचे वर्णन व्हावे हे आम्हांस खटकते. पांढरा नाग हा निसर्गातला योगायोग आहे. रंगद्रव्य न बनवणारे जनुक त्याला आईकडून आणि बापाकडूनही मिळाले, आणि घारी-गरुडांच्या नजरेस सहज पडेल असे शरीर घेऊन तो तरीही जगला. बॉल पायथन हा मात्र जगभरच्या पाळीव सापांत सर्वाधिक खपणाऱ्या सापांपैकी एक आहे. त्याचा ‘दुर्मीळ’ रंग हा पैदासखान्यात ठरवून, हिशेब करून काढलेला असतो.

हा अजगर मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला. भय वाटले की डोके आत घेऊन तो शरीराचा चेंडू करतो, म्हणून बॉल पायथन. त्याच्या शास्त्रीय नावात मात्र ‘राजस’ असा अर्थ आहे. बेनिन देशातील उइदा या गावी या अजगरांचे मंदिर आहे आणि वोदून धर्माचे लोक तेथे त्यांना पूज्य मानतात. नागपंचमीला वारुळाशी दूध-लाह्या ठेवणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट परकी वाटू नये. त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घाना या देशांतून गेली अनेक दशके हे साप जिवंत पकडून परदेशी पाठवले जात आहेत. अंडी पोटात असलेल्या माद्या रानातून आणायच्या, अंडी उबवायची आणि पिल्ले विकायची, अशी तेथील ‘रँचिंग’ची पद्धत. असंख्य तपकिरी सापांच्या या लोंढ्यात एखादा वेगळ्या रंगाचा साप सापडला की तो मोठ्या किमतीला अमेरिकेत जाई. १९९२ साली तेथे पहिल्यांदा अल्बिनो बॉल पायथनची बंदिस्त पैदास झाली आणि त्यानंतर रंगांचा हा बाजार वाढतच गेला. अशा प्रत्येक रंगभेदाला या व्यवसायात ‘मॉर्फ’ म्हणतात. त्यांची नावे पाहावीत : बनाना, पेस्टल, पाईड, क्लाउन, स्पायडर. दोन-तीन जनुके एकत्र आणून बनवलेल्या मॉर्फची नावे त्याहून लांबलचक.

या पैदाशीचे गणित मेंडेलच्या वाटाण्यांइतकेच सोपे आहे. अल्बिनोसारखा रंग अप्रभावी जनुकामुळे येतो. दिसायला साधे, पण ते जनुक दडवून असलेले नर-मादी एकत्र आणले तर सरासरी चार पिल्लांत एक अल्बिनो निघते. असे दोन वेगळे रंग एकाच पिल्लात हवे असतील तर हे प्रमाण सोळांत एक होते. बोआंच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. अल्बिनो बोआंचे काल आणि शार्प असे दोन प्रसिद्ध वंश आहेत. दोन्ही दिसायला अल्बिनोच, पण त्यांची जनुके वेगळी असल्याने त्यांच्या संकरातून साधीच पिल्ले जन्मतात. प्रश्न उरलेल्या पिल्लांचा आहे. एका ‘दुर्मीळ’ पिल्लासाठी जन्माला घातलेल्या उरलेल्या पंधरांपैकी जी अगदी साधी निघतात, त्यांना या बाजारात ‘नॉर्मल’ म्हणतात आणि त्यांची किंमत सर्वांत कमी असते. ज्या तपकिरी-काळ्या नक्षीने त्या जातीला लाखो वर्षे वाळल्या गवतात लपवले आणि जगवले, ती नक्षी येथे कमीपणाची खूण झाली. ‘नॉर्मल’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जावा, याची नोंद भाषेच्या अभ्यासकांनी घ्यायला हवी.

हे केवळ किमतीपुरते असते तर आम्ही या विषयाकडे वळलो नसतो. पण ‘स्पायडर’ या मॉर्फची हकिगत वेगळी आहे. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा असलेला एक साप आफ्रिकेतून अमेरिकेत आला आणि १९९९ मध्ये त्याची पैदास यशस्वी झाली. आजचे स्पायडर त्याच एका सापाचे वंशज मानले जातात. हे जनुक प्रभावी आहे, म्हणजे रंग मिळवण्यासाठी पालकांपैकी एकाकडे असले तरी पुरते. त्या रेघांबरोबर या सापांना डोके डुगडुगण्याचा विकार मिळतो. कोणाला कमी, कोणाला जास्त. विकार तीव्र असलेला साप मान पिळवटतो, उलटा पडला तर सहज सरळ होत नाही, भक्ष्यावर झडप घालताना त्याचा नेम चुकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची, घडणच सदोष असल्याचे दिसून आले. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत स्पायडरची विक्री २०१८ मध्येच बंद केली. तत्पूर्वी जवळजवळ वीस वर्षे हा विकार सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि विक्रेत्यांच्या भाषेत त्याचे नाव होते ‘वॉबल’, म्हणजे थोडेसे डुलणे. व्याधीला लाडके नाव दिले की ती व्याधी वाटेनाशी होते.

डार्विनने १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या चौथ्या प्रकरणात कबुतरांचा दाखला दिला, तो येथे आठवतो. आखूड चोचीच्या गिरेबाज कबुतरांची निवड इतकी पुढे गेली होती की पिल्लांना अंड्याचे कवच फोडता येईना आणि पाळणाऱ्यांना ते स्वतः फोडून द्यावे लागे, असे त्याने नोंदवले आहे. म्हणजे शौकाची ही वाट जुनी आहे. साप तिच्यावर अलीकडे आला एवढेच.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणूस निवड करतच आला आहे. मग सापाचीच निवड तेवढी वाईट का? याचे उत्तर आमच्या झाडीपट्टीतच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी जपले, पुढची काही वर्षे ते निराळे पेरून पारखले. त्यातून जे धान निघाले ते एका व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव देऊन विकले, आणि ‘एचएमटी’ म्हणून ते भंडाऱ्यापासून विदर्भाबाहेरपर्यंत पसरले. ३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन झाले. हीही ‘वेगळेपणा’चीच निवड होती. पण त्यांनी लोंबीला विचारलेले प्रश्न निराळे होते : दाणा बारीक आहे का, उतारा किती येतो, शिजल्यावर चव कशी लागते. निवडलेल्या बियाण्याचे पुढच्या हंगामात काय होते हे पाहिल्यावाचून त्यांची निवड पुरी होत नव्हती. स्पायडरच्या बाबतीत पुढच्या पिढीचे काय होते हे दिसत असूनही निवड चालू राहिली. आमचा आक्षेप निवडीला नाही, तो या न पाहण्याला आहे.

यात परक्या देशांना दोष देऊन मोकळे होण्याची सोय आपल्याला नाही. आपल्याकडचा मांडूळ हाही बोआच्याच कुळातला साप. निरुपद्रवी, उंदीर खाणारा, भुसभुशीत मातीत राहणारा. शेपटी बोथट, म्हणून ‘दुतोंड्या’. गुप्तधन शोधून देतो, वजन जितके अधिक तितकी किंमत अधिक, अशा भाकडकथांच्या जोरावर त्याची लाखांच्या भाषेत खरेदी-विक्री होते. वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटीच्या भारतातील शाखेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडूळ तस्करीच्या १७२ घटनांची नोंद केली, त्यांत सर्वाधिक, ५९, महाराष्ट्रातल्या होत्या. दुसरे तोंड खरे वाटावे म्हणून काही गारुडी त्याच्या शेपटीवर जखमा करून डोळे-तोंड ‘काढत’ आले आहेत. एकीकडे सुरी आणि दुसरीकडे जनुकांचा तक्ता, एवढा फरक सोडला तर दोन्हीकडे सापाच्या अंगावर गिऱ्हाइकाला हवे ते नवल उमटवले जाते, आणि दोन्हीकडे ‘दुर्मीळ’ हाच शब्द भाव वाढवतो.

सापांची पैदास करणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. पैदाशीतले साप मिळू लागले की रानातल्या सापांवरचा भार हलका होतो, असे ते म्हणतात. काही प्रमाणात ते खरे असेलही, परंतु पश्चिम आफ्रिकेतून होणारी निर्यात त्यामुळे थांबलेली नाही. साप हातात घेतलेल्या मुलाची भीती जाते, हे त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. शास्त्राचाही त्यात लाभ झाला आहे. पाळणाऱ्यांनी आणि पैदासकारांनी पाठवलेल्या कातींवरून अमेरिकेतील संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत बॉल पायथनच्या अनेक रंगांमागची जनुके शोधून काढली. त्यांतले अल्बिनो रंगाचे जनुक माणसातल्या अल्बिनोपणाशी संबंधित जनुकच आहे. ज्यांना सापाची खरीच आवड आहे त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

आता कायदाही पुढे आला आहे. २०२२ ची वन्यजीव संरक्षण कायद्याची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राणी त्यामुळे प्रथमच या कायद्याच्या कक्षेत आले, आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी, तसेच जन्म-मृत्यू व हस्तांतर यांची माहिती देणे बंधनकारक केले. बॉल पायथन या यादीत आहे. पण नोंदवहीत ‘बनाना’ असो वा ‘नॉर्मल’, साप एकच असतो. रंगाचे वेड कमी करणे हे नोंदवहीचे काम नाही.

ते काम काही अंशी शब्दांचे आहे. आमच्या महाविद्यालयांतली कित्येक मुले सर्पमित्र आहेत. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांत शिरलेला अजगर पोत्यात घालून कोक्याच्या किंवा नागझिऱ्याच्या रानात सोडायला वनखात्याला मदत करणारी हीच मुले फोनवर सोनेरी, जांभळट अजगरांची चित्रे पाहतात, आणि आपण काल सोडलेला अजगर त्यांना ‘साधा’ वाटू लागतो. अज म्हणजे बोकड, तो गिळणारा तो अजगर. नावातच त्याचे जगणे आहे. कवड्याला अंगावरच्या कवडीसारख्या ठिपक्यांमुळे नाव मिळाले खरे, पण ते साऱ्या जातीचे नाव आहे. त्यात एक कवड्या दुसऱ्याहून महाग ठरत नाही. मारुती चितमपल्लींनी नवेगाव बांधच्या परिसरात, तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्यात, रानातल्या माणसांकडून अशी नावे वेचली आणि ती मराठीला दिली. २०२५ मध्ये ते गेले. ती नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी राहावीत, एवढी जबाबदारी मराठीच्या वर्गावर येतेच.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मॉर्फ म्हणजे प्रजाती नव्हे. तेव्हा बातमी लिहिणाऱ्यांनी, पाठ्यपुस्तके करणाऱ्यांनी आणि आपण शिक्षकांनी पैदासखान्यातल्या रंगभेदाला ‘दुर्मीळ प्रजाती’ म्हणणे सोडावे. ‘कृत्रिम पैदाशीतला रंगभेद’ एवढे शब्द पुरेसे आहेत. ‘दुर्मीळ’ हा शब्द जे खरोखर विरळ होत चालले आहे त्यासाठी राखून ठेवावा. बातमीत तो शब्द वाचला की विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारावा : हा साप कोठे दुर्मीळ आहे, रानात की दुकानात? याचे उत्तर शोधायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील बोड्या, तलाव आणि झुडपी जंगले यांकडे एकदा नीट पाहिले तरी पुरे.