दगडाची पत

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे दहा हजार माणसे आपल्याच घरांच्या भिंतींखाली गाडली गेली. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. घराचे कर्ज देताना आम्ही उतारा पाहत असू, जामीनदार पाहत असू. खालच्या दगडाची पत मात्र कोणी तपासत नसे. दख्खनचा काळा कातळ, तो कशाला हलतोय!

पण हा कातळ म्हणजे वरचे पांघरूण आहे. किल्लारीत पुढे छिद्र घेतले, तेव्हा तो सुमारे ३३८ मीटरवर संपला. कोयनेजवळ गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटरचे छिद्र पूर्ण झाले, तिथे तो सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला. त्याखाली आहे तो अतिप्राचीन ग्रॅनाइटी पाया.

या पायाची वागणूक खोलीनुसार बदलते. साधारण वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांत दगड थंड असतो. ताण असह्य झाला की तो तडकतो, जुन्या भेगेवर सरकतो. त्याखाली उष्णता वाढते. तीनशे अंशांच्या आसपास गारगोटीचे खनिज, म्हणजे क्वार्ट्झ, न वितळताच हळूहळू वाहू लागते. फेल्स्पारला साडेचारशेच्या आसपास अंश लागतात. लोहाराच्या भट्टीतले लोखंड वितळत नाही, तरी वाकते, तसेच हे. जिथे उष्णता सावकाश वाढते, तिथे ही सीमा आणखी खोल जाते.

दगड दुबळा होण्याची कारणे आणखीही आहेत. क्वार्ट्झच्या कणांत पाण्याचा अंश शिरला की ते लवकर नमते. फेल्स्परचे रूपांतर अभ्रकात झाले की थर एकमेकांवरून घसरतात. ताणाखाली मोठे कण बारीक होतात आणि बारीक कणांचा दगड अधिक सहज वाहतो. अशा दगडाला चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ साली स्कॉटलंडमध्ये ‘मायलोनाइट’ हे नाव दिले. थोडक्यात, जो पट्टा एकदा नमला तो पुढेही नमण्याची शक्यता जास्त. बँकेच्या भाषेत, जुना थकबाकीदार! भारताचा भूखंड आशियाला रेटतच आहे. त्या रेट्याचा ताण अशा जुन्या दुबळ्या पट्ट्यांशी साठू शकतो आणि वरचा ठिसूळ भाग कधीतरी तुटतो.

वरच्या भागात पाणी वेगळ्या रीतीने काम करते. भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की दगडांची एकमेकांवरची पकड सैल होते. कोयनेचे धरण १९६२ पासून भरू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथला जलाशय आणि धक्के यांचा संबंध जगभर अभ्यासला गेला.

मग करायचे काय? भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणे आजही शक्य नाही. पंधरा किलोमीटर खालच्या दगडावर आपला इलाज नाही. डोक्यावरच्या छपरावर आहे. किल्लारीत माणसे मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि जड माळवदांनी. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंती बांधून ठेवणारा सलग काँक्रीटचा पट्टा हा त्यावरचा साधा उपाय.

आता कोणी नातेवाईक घराच्या कर्जाचे कागद घेऊन आला, तर व्याजाचा दर मी नंतर विचारतो. आधी विचारतो, भिंतींना पट्टा घेतलात का?